चंद्रावरचा आर्यभट आणि भायखळ्याचे भाऊ

भायखळ्यात नावांना एका जागी स्वस्थ बसण्याची सवय नाही. खुद्द भायखळ्याचेच घ्या. बहाव्याचे खळे म्हणून भायखळा असे कोणी सांगतात, भाया नावाच्या कुणाचे तरी खळे म्हणून भायखळा असे दुसरे सांगतात, आणि इंग्रजाने त्याचे जे ‘बायकला’ करून ठेवले ते निराळेच. राणीच्या बागेची तीच गत. जिच्या नावाची बाग तिचे राज्य गेले, फाटकावर ‘वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान’ अशी योग्य ती पाटी लागली. तरी रविवारी पोरेबाळे घेऊन लालबागहून निघालेला बाप कंडक्टरपाशी तिकिटे मागतो ती राणीच्या बागेचीच.

याच बागेत, संग्रहालयाच्या इमारतीबाहेर, एक दगडी हत्ती उभा आहे. हा मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्याला पाहिले आणि सबंध बेटालाच हत्तीचे नाव देऊन टाकले. एलिफंटा ते हेच. पुढे हत्तीला विलायतेस नेण्याच्या खटपटीत त्याचे तुकडे झाले आणि ते सांधून त्याला येथे आणून उभा केला. आज बेटावर हत्ती नाही पण हत्तीचे नाव आहे. भायखळ्यात हत्ती आहे आणि त्याला कोणी नावाने ओळखत नाही! नाव आणि वस्तू यांची अशी ताटातूट होते, तेव्हा त्यांची पुन्हा गाठ घालून देणारा कोणीतरी लागतो. अशाच एका गाठीची हकीकत आज सांगावयाची आहे. तिचे एक टोक याच हत्तीमागच्या इमारतीत आहे आणि दुसरे टोक चंद्रावर.

इमारत म्हणजे मुंबईचे सर्वांत जुने संग्रहालय. १८७२ साली ते लोकांस खुले झाले तेव्हा त्याचे नाव होते व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट म्युझियम. १ नोव्हेंबर १९७५ पासून ते डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणून ओळखले जाते. भाऊ दाजी हे मूळचे गोव्याचे. त्यांचे खरे नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. परंतु वडिलांना दाजी म्हणत, यांना भाऊ म्हणत, आणि घरातली ही हाक इतकी रूढ झाली की ग्रंथांतून, सभांतून आणि सरकारी कागदांतूनही तेच नाव चालले. भायखळ्याशी त्यांचा संबंध संग्रहालयापुरता नाही. येथल्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली जी पहिली तुकडी डॉक्टर होऊन बाहेर पडली, तिच्यात ते होते. महारोगावर औषध शोधण्यासाठी त्यांनी केलेली धडपड, स्त्रीशिक्षणासाठी केलेले साहाय्य, दोनदा भूषविलेले मुंबईचे नगरपालपद, जगन्नाथ शंकरशेटांच्या बरोबरीने या संग्रहालयासाठी घेतलेली मेहनत, हे सारे वाचकांच्या कानावर कधी ना कधी आले असेल. त्यांच्या एका निबंधाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. तो आहे आर्यभटावर.

आता घटकाभर भाऊंना येथेच ठेवून वर चंद्राकडे जाऊ.

चंद्रावर जे काळे डाग दिसतात त्यांत आपल्या आजीला ससा दिसे, कोणाला हरीण दिसे. दुर्बीण आल्यावर युरोपातल्या पंडितांना तेथे समुद्र दिसू लागले. इटलीतल्या बोलोन्या नगरात रिच्चोली नावाचा एक जेझुइट पाद्री होता. त्याने १६५१ साली एक मोठा ज्योतिषग्रंथ छापला आणि त्यात ग्रिमाल्दी या आपल्या सहकाऱ्याने काढलेला चंद्राचा नकाशा दिला. काळ्या डागांना त्याने शांतीचा समुद्र, वादळांचा महासागर, पावसाचा समुद्र अशी नावे दिली, आणि वाटोळ्या विवरांना ज्योतिष्यांची व तत्त्ववेत्त्यांची. मौज अशी की, पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मत या पाद्र्याला उघडपणे मान्य करता येत नव्हते. तरी ते मत मांडणाऱ्या कोपर्निकसाला त्याने चंद्रावर एक झकास विवर देऊन टाकले. वादात विरुद्ध बाजूला असलेल्या माणसालाही मान द्यावा, एवढी सभ्यता चंद्रावरच्या नावांत पहिल्यापासून आहे.

पुढे दुर्बिणी सुधारल्या आणि विवरे इतकी दिसू लागली की थोरांची नावे पुरेनात. तेव्हा १८३० च्या दशकात बर्लिनच्या बेअर आणि मेडलर या जोडीने एक सोय काढली. मोठ्या विवराला नाव आणि त्याच्या आसपासच्या लहानांना त्याच नावापुढे एकेक लॅटिन अक्षर, असा तो क्रम. चाळीच्या मालकाचे नाव दारावर आणि बिऱ्हाडांना नुसते खोलीचे नंबर, तसलाच हा प्रकार! तरीही घोळ संपला नाही. एकाच विवराला एका नकाशात एक नाव, दुसऱ्यात दुसरे. मेरी ब्लॅग या इंग्रज बाईंनी वर्षानुवर्षे बसून हे सारे नकाशे ताडून पाहिले, आणि म्युलर या गृहस्थांच्या जोडीने त्यांनी केलेली नावांची यादी आंतरराष्ट्रीय खगोलसंघाने १९३५ साली प्रमाण मानून प्रसिद्ध केली. तेव्हापासून चंद्रावर नाव द्यायचे तर या संघाची मंजुरी लागते. भारताचे चांद्रयान २३ ऑगस्ट २०२३ रोजी जेथे उतरले त्या जागेचे ‘शिवशक्ती’ हे नावसुद्धा संघाने मार्च २०२४ मध्ये मान्य केल्यावरच नकाशात चढले.

शांतीच्या समुद्रात एक विवर आहे मॅस्केलिन. नेव्हिल मॅस्केलिन हा अठराव्या शतकातला इंग्लंडचा राजज्योतिषी. भर समुद्रात गलबत नेमके कोठे आहे हे चंद्राचे ताऱ्यांपासूनचे अंतर मोजून काढता यावे, म्हणून त्याने १७६७ सालापासून नाविकांचे पंचांग चालू केले. चंद्रावर त्याला जागा मिळाली ती रास्तच. त्याच्या विवराच्या आसपासची लहानमोठी विवरे रूढीप्रमाणे त्याच्या नावावर लागली आणि ईशान्येकडच्या एकाला ‘मॅस्केलिन ई’ म्हणू लागले. हे आपले बिऱ्हाड. मालकाचे विवर २४ किलोमीटर व्यासाचे आणि या बिऱ्हाडाचे २२. म्हणजे तसा दोघांत फार फरक नव्हता. १९७९ साली आंतरराष्ट्रीय खगोलसंघाने या अक्षरावर भागवलेल्या विवराला स्वतंत्र नाव दिले. ते नाव ‘आर्यभट’.

बावीस किलोमीटर म्हणजे किती? रेल्वेने भायखळ्याहून भांडुप जितके लांब, साधारण तितका व्यास. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे विवर पाहून माणूस थक्क होतो. त्याचा व्यास पावणेदोन किलोमीटरांहून थोडा अधिक. तशी बारा लोणारे एका रांगेत मांडावी तेव्हा चंद्रावरचा आर्यभट एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत भरेल. आणि तरीही चंद्राच्या मानाने तो केवढा? चंद्राला फूटभर व्यासाचे ताट समजा; त्यात हा मोहरीच्या दाण्याएवढा. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, लहानशा दुर्बिणीतून मात्र दिसतो.

लोणारचे नाव उगाच घेतले नाही. आभाळातून पडलेला धोंडा जमिनीवर आदळून खड्डा पडावा, ही दोन्हींची जन्मकथा एकच. शिवाय लोणारचा खड्डा पडला तो दख्खनच्या काळ्या फत्तरात, म्हणजे बेसॉल्टमध्ये. आणि चंद्रावरचे तथाकथित समुद्रही याच जातीच्या दगडाचे. म्हणूनच चंद्राचा अभ्यास करणारे देशोदेशीचे शास्त्रज्ञ लोणारला येतात. आपला दख्खनचा फत्तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर शांतीच्या समुद्रातून अपोलोच्या प्रवाशांनी १९६९ साली आणलेले दगड साडेतीनशे कोटी वर्षांहून जुने निघाले. मुंबईच्या जुन्या भिंतींतून आणि फरशांतून दिसणारा काळा दगड हा असा चंद्रावरच्या दगडाचा पुष्कळच धाकटा भाऊ आहे म्हणा ना!

पण लोणारची कड आजही चहूबाजूंनी उभी आहे, आणि आर्यभट विवराची तशी नाही. विवर पडल्यानंतर केव्हातरी चंद्राच्या पोटातून तापलेला रस वर आला, सखल भागावर पसरला आणि या विवरातही शिरला. पश्चिमेची कड बुडाली, तळ भरून गेला. पूर्वेची कड तेवढी, पंचमीच्या कोरीसारखी, थिजलेल्या दगडी समुद्रातून वर डोके काढून आहे. ज्याला हे ठाऊक नाही त्याला वाटेल, हा एक वाकडा डोंगर आहे. जाणकार त्या अर्ध्या कमानीवरून उरलेले वर्तुळ मनाने पुरे करतो आणि म्हणतो, येथे एके काळी पूर्ण विवर होते.

खगोलसंघाच्या मंडळींच्या हे मनात होते की नाही कोण जाणे, परंतु आर्यभटाला याहून शोभणारी जागा मिळाली नसती. कारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आर्यभटाची स्थिती हुबेहूब अशीच होती. कड थोडीशी वर, बाकी सारे बुडालेले.

आर्यभटाने आपला ग्रंथ लिहिला तो इसवी सन ४९९ च्या सुमारास, वयाच्या तेविसाव्या वर्षी. हे वय त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि म्हणून तारे फिरल्यासारखे दिसतात, हे त्याने सांगितले. भायखळ्याच्या फलाटावर थांबलेल्या गाडीत आपण बसलेले असतो, शेजारची गाडी सुटते आणि क्षणभर आपलीच सुटली असे वाटते; त्याने याच भ्रमाचा दाखला दिला आहे, फक्त गाडीऐवजी नदीतल्या नावेचा. सूर्यग्रहणात चंद्र सूर्याला झाकतो, चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली चंद्राला झाकते, आणि चंद्र स्वतः प्रकाशत नाही तर सूर्याच्या उजेडाने उजळतो, हेही त्याने मांडले. एवढा मोठा माणूस. पण पुढे उत्तरेकडे त्याचा ग्रंथ दिसेनासा झाला. कोलब्रुकसारख्या संस्कृतच्या गाढ्या पंडिताला एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी तो शोधूनही सापडला नाही. इतरांनी आपापल्या ग्रंथांत त्याची जी वचने दिली होती आणि जी खंडने केली होती, त्यांवरूनच त्याची ओळख करून घ्यावी लागे. भर म्हणून गोंधळ असा की, सुमारे दहाव्या शतकात त्याच नावाचा दुसरा एक ज्योतिषी होऊन गेला. त्याची पोथी हाती लागे आणि पहिल्याचे मत म्हणून दुसऱ्याचे मत सांगितले जाई. नाव एक, माणसे दोन. आणि ज्याचे श्रेय मोठे त्याचाच ग्रंथ जवळ नाही!

हा गुंता ज्यांनी सोडवायला घेतला त्यांत भायखळ्याच्या कॉलेजात शिकलेला हा डॉक्टर होता. भाऊंचा दिवस रोग्यांत जाई. उरलेल्या वेळात ते शिलालेखांचे ठसे आणि जुन्या पोथ्या मिळवीत. जुनागढच्या भगवानलाल इंद्रजींसारखा जाणता साहाय्यक त्यांना लाभला होता. १८६४ च्या सुमारास मलबाराकडून आर्यभटाच्या ग्रंथाच्या पोथ्या त्यांच्या हाती आल्या. उत्तरेत जो दीप विझल्यासारखा झाला होता तो दक्षिणेत केरळाच्या ज्योतिष्यांनी टीका लिहून लिहून तेवत ठेवला होता. पोथ्या ताडून पाहून भाऊंनी निबंध लिहिला, आणि तो १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भटोत्पल आणि भास्कराचार्य यांचे काळ कोणते आणि त्यांचे खरे ग्रंथ कोणते, असा त्याचा विषय. डॉक्टरने नाडी पाहून दोन रोग वेगळे करावे, तसे या डॉक्टरने दोन आर्यभट वेगळे केले.

त्याच निबंधात नावाचाही प्रश्न आहे. ‘आर्यभट्ट’ असे जे सर्रास लिहिले जाते ते खरे नव्हे. जुने ज्योतिषग्रंथ त्याला ‘आर्यभट’ म्हणतात, आणि ब्रह्मगुप्ताने तर शंभराहून अधिक ठिकाणी त्याचे नाव घेतले आहे. हा ब्रह्मगुप्त आर्यभटाचा कडवा टीकाकार. पण पाहा, नाव जपले ते टीकाकाराने!

शाळेतल्या मुलांनाही पटेल असा आणखी एक पुरावा या बाबतीत देता येतो, आणि तो छंदाचा आहे. ज्यांनी मोरोपंत पाठ केले आहेत त्यांना आर्या हे वृत्त नवे नाही. आर्येत अक्षरे मोजत नाहीत, मात्रा मोजतात. चार चरणांत अनुक्रमे बारा, अठरा, बारा आणि पंधरा. ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाची दोन, आणि जोडाक्षराच्या आधीचे अक्षर ऱ्हस्व असले तरी त्याच्या दोन. आता ‘भट’ म्हणून पाहा: एक आणि एक, दोन मात्रा. ‘भट्ट’ म्हणा: दोन आणि एक, तीन. आर्यभटाचा मुख्य ग्रंथ आर्यावृत्तातला आहे आणि त्यात त्याने आपले नाव गुंफले आहे. तेथे एक ट जादा घाला. मात्रा वाढते आणि आर्या लंगडते. वाण्याच्या तराजूत एक वजन जास्त पडावे तसे ते लगेच कळते. दीड हजार वर्षांपूर्वीचा कवी-गणिती आपल्या नावाभोवती मात्रांचे असे कुंपण घालून गेला आहे.

वर्गात हे सांगितले तेव्हा एका मुलीने विचारले, “पण सर, एका टने असे काय मोठे बिघडते?” प्रश्न रास्त होता. मी तिला म्हटले, घरी जाऊन आजोबांना विचार. आजोबा गिरणीत होते. दुसऱ्या दिवशी तिने उत्तर आणले. हजेरीच्या पुस्तकात आजोबांचे नाव एक आणि शिधापत्रिकेवर एका अक्षराने निराळे होते, आणि त्या एका अक्षरासाठी त्यांना प्रतिज्ञापत्र करावे लागले होते, खेटे घालावे लागले होते, आपण आपणच आहोत हे शपथेवर सांगावे लागले होते. भायखळा-लालबागच्या कितीतरी घरांत ही कथा निघेल. ज्याने आयुष्यभर राबून जे मिळवले ते त्याच्या पदरात पडायचे की नाही, हे एका अक्षरावर अडते. मुलगी पुढे काही बोलली नाही. तिने वही उघडली आणि एक ट खोडला.

ग्रंथातसुद्धा अक्षराचा असाच खेळ झालेला आहे. एका प्राणात, म्हणजे चार सेकंदांच्या अवधीत, पृथ्वी एक कला फिरते असे आर्यभटाचे गणित. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. दिवसाचे प्राण एकवीस हजार सहाशे आणि वर्तुळाच्या कलाही तितक्याच. हिशेब चोख! पण पृथ्वी फिरते हे पुढच्या पंडितांना रुचेना. तेव्हा काही पोथ्यांत ‘भू’ या अक्षराच्या जागी ‘भ’चा पाठ आला. भू म्हणजे पृथ्वी, भ म्हणजे नक्षत्र. फिरणारी पृथ्वी एका अक्षरात थांबली आणि सारे आकाश तिच्याभोवती फिरू लागले! खरा पाठ कोणता याला साक्षी पुन्हा ब्रह्मगुप्तच. कारण ‘पृथ्वी फिरते’ या मताला नावे ठेवण्यासाठी का होईना, त्याने ते मत जसेच्या तसे नोंदवून ठेवले होते.

भाऊंच्या निबंधानंतर वाट मोकळी झाली. हॉलंडमधील लायडन येथे केर्न या पंडिताने आर्यभटाचा ग्रंथ टीकेसह छापून काढला, तो १८७४ साली. त्याच वर्षी, ३१ मे रोजी, भाऊ दाजी वारले. पुढे शंकर बाळकृष्ण दीक्षित या शिक्षकी पेशातल्या विद्वानाने १८९६ साली आपला भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला, आणि त्यात दोन्ही आर्यभट आपापल्या जागी नीट बसलेले मराठी वाचकाला प्रथमच सविस्तर वाचायला मिळाले. एका डॉक्टराने सुरू केलेले काम एका मास्तराने घरोघर पोचवले, याचा आमच्या धंद्यातल्या माणसाला थोडा अभिमान वाटला तर वाचकांनी रागावू नये.

मग आले १९७५ साल. १९ एप्रिलला भारताचा पहिला उपग्रह सोव्हिएत रशियाच्या अग्निबाणावरून अवकाशात गेला. वजन ३६० किलो, नाव ‘आर्यभट’. काही दिवसांतच त्याच्या उपकरणांचा वीजपुरवठा बिघडला, तरी तो पृथ्वीभोवती फिरत राहिला तो १९९२ पर्यंत. दोन रुपयांच्या नोटेच्या पाठीवर त्याचे चित्र होते. भाजीबाजारात दोनाची नोट मोडताना आपण आर्यभटाचा उपग्रह या हातातून त्या हातात देत होतो. आणि त्याच वर्षी, सहा-साडेसहा महिन्यांनी, भायखळ्याच्या संग्रहालयावर भाऊ दाजींचे नाव लागले. एकाने दुसऱ्याचे नाव शोधून दिले होते; एकशेदहा वर्षांनी दोघांची नावे एकाच वर्षी झळकली. हा कोणी ठरवून केलेला योग नव्हता, म्हणून तर त्याची गोडी अधिक. त्यानंतर चार वर्षांनी चंद्रावर ‘आर्यभट’ आले आणि तेथे, सुदैवाने, एकच ट आला.

येथे एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. आर्यभटाचे नाव निघाले की आपल्याकडे काही मंडळींना असे भरते येते की, पूर्वजांना सगळेच ठाऊक होते असे ते सांगू लागतात. आर्यभटाने चंद्र पाण्याचा बनलेला आहे असे म्हटले आहे. तो पाण्याचा नाही, दगडाचा आहे. भारताच्या पहिल्या चांद्रयानावरील उपकरणाने चंद्राच्या मातीत पाण्याचा अंश असल्याची खूण दाखवली आणि ती बातमी २००९ साली जाहीर झाली, हे खरे. पण त्यामुळे आर्यभटाचे विधान बरोबर ठरत नाही. तसे ते ठरवण्याची गरजही नाही. रिच्चोलीलाही तेथे समुद्र वाटले होते, आणि तेही कोरडे निघाले. ग्रहणाला राहूचा घास न मानता सावली मानणारा, पृथ्वी फिरते म्हणण्याचे धैर्य असणारा तेवीस वर्षांचा मुलगा, एवढी त्याची ओळख पुरेशी मोठी आहे. भाऊ दाजींनी त्याचा काळ, त्याचा ग्रंथ आणि त्याचे नाव यांचे माप जसे होते तसे दिले. वाढवून दिले नाही. जादा ट काढून टाकणारा माणूस जादा मोठेपण कसे चिकटवील?

चंद्रावर आपली आणखीही माणसे आहेत. होमी भाभा मुंबईचेच; त्यांच्या नावाचे साठाहून अधिक किलोमीटर व्यासाचे प्रशस्त विवर १९७० साली ठरले, आणि त्याच्या पश्चिमेला जगदीशचंद्र बोसांचे त्याहून मोठे. पण ती दोन्ही चंद्राच्या पाठीमागच्या बाजूला, जी बाजू पृथ्वीकडे कधी वळतच नाही. भाभांचे विवर मुंबईकराला आपल्या गच्चीवरून कधीच दिसावयाचे नाही. विक्रम साराभाई आणि चंद्रशेखर रामन आपल्याकडच्या बाजूला आहेत, पण त्यांची विवरे लहान. भाऊ दाजींच्या नावाचे विवर चंद्रावर नाही, आणि त्याची खंत करण्याचेही कारण दिसत नाही. चंद्रावरची जागा ज्यांनी आकाश वाचले त्यांना मिळते. ज्यांनी त्यांची पुसट झालेली पोथी वाचून दिली, त्यांची जागा खाली, माणसांत, शाळेच्या सहलीच्या वाटेवर असलेली बरी.

ती सहल या सुटीत करावी. दिवाळीचा मुख्य दिवस अमावास्येचा. त्या रात्री चंद्र नसतो, पणत्याच असतात. भाऊबिजेला मावळतीकडे बारीकशी कोर दिसते. ती रोज थोडी भरते आणि कार्तिक शुद्ध पंचमीच्या सुमारास उजेड आणि अंधार यांची सीमा शांतीच्या समुद्रात पोचते. आर्यभटाच्या विवरावर सूर्य उगवतो तो त्याच वेळी. ऊन तिरपे असते, म्हणून उरलेली कमान आपल्या लांब सावलीसह उठून दिसते. पौर्णिमेच्या लखलखाटात ती सपाट होऊन जाते. कोणाकडे लहानशी दुर्बीण असेल तर मुलांना गच्चीवर न्यावे आणि त्या काळ्या पटांगणात अर्धी राहिलेली ती कड शोधावी. दिवसा त्याच मुलांना भायखळ्याला न्यावे, हत्तीजवळ थांबावे, आणि संग्रहालयाच्या पाटीवरचे नाव त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे. घरी आल्यावर वहीत दोन्ही नावे लिहायला सांगावी. एकात एकच ट आहे, तेवढे पाहून घ्यावे.